घाबरण्याचं कारण नाही

ढेंबरे साहेबांचा फोन आला की माणसं आधी खाली बसत आणि मगच बोलत. ही थट्टा नाही. मी आमच्या कार्यालयात टंकलेखक म्हणून लागले त्याच आठवड्यात साहेबांनी मला गंगाखेडच्या एका वार्ताहराला फोन लावून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, साहेब बोलणार आहेत. पलीकडून तो म्हणाला, "खुद्द ढेंबरे साहेब? थांबा ताई, जरा बसून घेतो." साहेबांना त्याच्याकडून एका सरपंचाचं आडनाव तेवढं तपासून घ्यायचं होतं. तो मात्र दिवसभर त्या सरपंचाची खुशाली विचारत फिरत होता, असं नंतर कळलं.

मुंजाजी ढेंबरे आमचे परभणीचे जिल्हा माहिती अधिकारी. म्हणजे सरकारचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायचं, हे काम. मंत्री आले की फोटो आणि बातमी, लसीकरण आलं की आवाहन, नदीला पाणी आलं की इशारा. आणि पेपरात सरकारविरुद्ध काही छापून आलं की त्या खात्याकडून खुलासा मागवायचा, तो सरळ भाषेत करायचा आणि सगळीकडे पाठवायचा. हे शेवटचं काम सगळ्यात नावडतं, आणि सगळ्यात जास्त तेच. खात्यांचे खुलासे एका साच्यातले असतात. वृत्तात तथ्य नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरण्याचं कारण नाही. ही वाक्यं टाइप करून करून माझी बोटं ती झोपेतसुद्धा बडवत असतील.

साहेब दिसायला अगदीच साधे. बुटके, पोट थोडं सुटलेलं, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. बाजारात समोरून गेले तर वळून बघावंसं वाटणार नाही. सगळा ऐवज आवाजात होता. तो आवाज कानात शिरायचा नाही, शेजारी येऊन बसायचा. पण त्याची एक उलटी रीत होती आणि ती कळायला मला थोडे दिवस लागले. बारीकसारीक गोष्टीवरून साहेब कार्यालय डोक्यावर घेत. चहात साखर जास्त पडली तर खालच्या पानटपरीपर्यंत ऐकू जाई. आणि खरंच काही वाईट झालं की आवाज खाली खाली जाई, मऊ होई, इतका की ऐकणाऱ्याला आपण लहान मूल झाल्यासारखं वाटे.

एकदा दुपारी मी टाइप करत बसले होते. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "बाई, जरा बाहेर येता का? विशेष काही नाही." मला राग आला, कारण माझं टाइप करायचं वाक्य अर्धं होतं. तरी उठले. मी दारात पोचते तोच छताच्या गिलाव्याचा मोठा पोपडा माझ्या खुर्चीवर पडला आणि टेबलभर माती झाली. त्यांनी तो सुटत आलेला पाहिला होता. मी वळून त्यांच्याकडे बघितलं, तर साहेब तोवर शिपायावर ओरडत होते की झाडू कुठे आहे. त्या दिवसापासून साहेब मऊ बोलले की मी आधी उठायची आणि मग कारण विचारायची.

प्रेसनोट तयार झाली की ते खिडकीशी उभे राहत, आमच्याकडे पाठ करत आणि ती मोठ्याने वाचत. अडखळले की तो शब्द गेला. 'तथापि' गेलं, 'सबब' गेलं, 'अनुषंगाने' तर त्यांच्या खोलीत कधी शिरलंच नाही. म्हणत, "बाई, हे वाक्य गंगाखेडच्या एसटीत मागच्या सीटवर बसून वाचता आलं पाहिजे." त्या रस्त्याची आणि त्या सीटची ज्यांना माहिती आहे त्यांना ही अट किती कडक होती ते कळेल. दुसरी त्यांची सवय म्हणजे कुठल्याही खुलाशावर सही करण्याआधी त्या खात्याला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, तुम्ही तिथं जाऊन आलात का? बहुतेक अधिकारी वैतागत. साहेब वाट बघत. समोरचा जाऊन आलोय म्हणाला की मगच पेन उचलत.

हा खालचा आवाज त्यांनी कुठून आणला ते त्यांनी एकदाच सांगितलं. लाइट गेलेली होती, काम बंद होतं, आणि कार्यालयात आम्ही दोघंच. नोकरीच्या सुरुवातीला सेलूकडच्या एका नदीकाठच्या गावात त्यांना जीपवर भोंगा बांधून पाठवलं होतं. पाणी वाढायलंय, गाव सोडा, एवढं सांगायचं. "मी काय केलं बाई, ओरडलो. जीव तोडून ओरडलो. पळा म्हणलो." माणसं पळाली. देवळाच्या बोळात सगळी एकदम शिरली आणि एक म्हातारी खाली पडली, ती उठलीच नाही. पाणी वेशीपर्यंतसुद्धा आलं नाही. "तिला पाण्यानं न्हाई मारलं," साहेब म्हणाले. "लोक म्हणले, नशीब तिचं. मी कुणाला काय सांगू?" त्यानंतर ते संकटाची बातमी कधीच मोठ्याने बोलले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची फार कीव आली आणि थोडी भीतीही वाटली, का ते सांगता येणार नाही.

मग टाळेबंदी आली आणि साहेबांचा आवाज जिल्ह्याच्या घराघरात गेला. रोज संध्याकाळी ते मोबाईलवर एक छोटी क्लिप बोलत आणि ती गावोगावच्या ग्रुपवर फिरत असे. "मी मुंजाजी ढेंबरे बोलतोय. घाबरण्याचं कारण नाही." पुढे कुठली गल्ली बंद, कुठल्या दवाखान्यात जायचं, किराणा कधी मिळणार. लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत, कारण आवाज ओळखीचा होता आणि सांगितलेलं खरं निघे. पण लोक येडे नसतात. त्यांच्या हळूहळू लक्षात आलं की साहेब ज्या संध्याकाळी जास्त मऊ बोलतात त्याच्या दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी गल्लीला बांबू लागतात आणि ॲम्ब्युलन्स उभी राहते. आमच्या गल्लीतल्या बायका क्लिप ऐकून एकमेकींना सांगत, "आज लय गोड बोलायलेत गं. दळण आणून ठिवा." मीही आणून ठेवायची. त्यांच्या क्लिपमधले शब्द कुणी ऐकतच नव्हतं आता, सगळे नुसता आवाज ऐकत.

साहेबांना हे माहीत नव्हतं. ते त्यांना कळलं पिंगळी गावात, आमच्याच कार्यालयातल्या एका लिपिकाच्या मुलीच्या लग्नात. टाळेबंदी उठून बरेच दिवस झाले होते आणि इतके दिवस कोंडलेले पाहुणे लग्नाला लोटले होते. वऱ्हाडाची जास्तीची एक गाडी आली. लिपिक घामाघूम होऊन साहेबांकडे आला. अक्षता व्हायच्या होत्या, स्वयंपाक अजून एक घाणा मागे होता, लोकांना जरा धीर धरायला सांगा म्हणाला. साहेबांनी माइक घेतला आणि आपल्या त्या आवाजात म्हणाले, "पाहुणे मंडळी, जेवण भरपूर आहे. कुणीही घाई करू नये."

त्यांचं वाक्य संपायच्या आत अख्खा मांडव उठला. बुंदीच्या पातेल्यापाशी अशी रेटारेटी झाली की एका आजोबांचा फेटा वरणात गेला. स्टेजवर नवरा, नवरी आणि भटजी तेवढे उरले. मी हसून हसून बेजार झाले होते, पण साहेबांकडे लक्ष गेलं आणि हसू आटलं. ते हातात माइक धरून तसेच उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. परतताना जीपमध्ये म्हणाले, "बाई, माझ्यावरचा इश्वास उडाला का लोकांचा?" मी म्हटलं, उडाला नाही साहेब, पुरेपूर आहे. तुम्ही काही नाही म्हणालात की नक्की काहीतरी आहे, अशी खात्री झालीय लोकांची.

याच्या पुढच्याच पावसाळ्याच्या शेवटी मोहतळीचं प्रकरण झालं. मोहतळी गंगाखेडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. वर तलाव, तलावाला मातीची लांबच लांब भिंत, आणि भिंतीच्या पायथ्याला वस्ती. त्या वस्तीत साहेबांची थोरली बहीण, सरूअक्का, दिलेली होती. परतीचा पाऊस त्या वर्षी थांबेचना. तलाव काठोकाठ भरला आणि एका पेपरात आतल्या पानावर बातमी आली की भिंतीच्या खालच्या अंगाने पाणी झिरपतंय आणि वस्तीतले लोक धास्तावलेत. तलाव ज्यांच्या ताब्यात होता त्या खात्याने तातडीने खुलासा पाठवला. पाझर नैसर्गिक आहे, भिंतीस कोणताही धोका नाही, ग्रामस्थांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

साहेबांनी नेहमीप्रमाणे फोन लावला. पलीकडे एक तरुण अभियंता होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुमी भिंतीवर जाऊन आलात?"

"सर, रस्ता लय चिखलाचा झालाय. गाडी जात न्हाई."

"मग धोका न्हाई हे बघितलं कुणी?"

"सर, मागच्या तपासणीत सगळं ठीक होतं ना. तुमी कामून टेन्शन घेताय? वरून सांगितलंय, दुपारच्या आत खुलासा निघाला पाहिजे."

साहेबांनी पेन उचललं नाही. थोड्या वेळाने वरूनच फोन आला. कुणाचा ते सांगत नाही, पण साहेब तो उभं राहून बोलले. ऐकू येत होतं ते फक्त "होय साहेब" आणि पुन्हा "होय साहेब". फोन ठेवला तो इतका हळू की आवाज आला नाही. मी म्हटलं, "साहेब, सरळ नाही म्हणा ना. तुमची अक्का आहे तिथं."

"मी न्हाई म्हणलो तर दुसरा कुणी काढंल, बाई. तासाभरात निघंल. त्याचा आवाज लोकांना माहीत न्हाई. लोक वाचतील आणि बिनघोर झोपतील."

"मग सावध राहा असं टाका त्यात."

"ते इथून भाईर जाऊच देणार न्हाईत."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मला पंखा बंद करायला सांगितलं, मोबाईल काढला आणि टाळेबंदीनंतर पहिल्यांदाच क्लिप बोलले. खात्याचा खुलासा जसाच्या तसा वाचला. 'नैसर्गिक स्वरूपाचा' तसंच ठेवलं, 'सदर'सुद्धा ठेवलं, जे त्यांनी आयुष्यात कधी ठेवलं नव्हतं. पण आवाज अगदी खाली नेला. एवढं हळुवार मी त्यांना कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, त्यांच्या आईच्या आजारपणातही नाही. "घाबरण्याचं कोणतंही कारण नाही," म्हणाले, आणि मला पळत सुटावंसं वाटलं. क्लिप गंगाखेडकडच्या सगळ्या ग्रुपवर गेली. मग साहेबांनी चहा मागवला आणि तो गार होऊ दिला.

पुढचं मला सरूअक्कांनी सांगितलं. त्या ओट्यावर उडीद पाखडत होत्या. शेजारच्या बळीरामने मोबाईल आणून कानाशी धरला, म्हणाला, अक्का, तुमचा भाऊ बोलायलाय, धोका न्हाई म्हणतोय. अक्कांनी ती क्लिप पुन्हा लावायला सांगितली. मग सूप बाजूला ठेवलं आणि उठल्या. "आमचा बाप गेला तवा ह्यो माझ्या दारात येऊन असंच बोलला होता. अक्का, जरा घरी चलतीस का, काय न्हाई, सहजच. म्या त्याला वळखत्ये. शेरडं सोडा आन् चला." बळीराम हसला होता म्हणे. पण तोवर दुसऱ्या घरांतही क्लिप वाजली होती, आणि टाळेबंदीचे दिवस कुणी विसरलेलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत वस्ती रिकामी झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. माणसं, गुरं, पोरं, डबे, अंथरुणं घेऊन रांगेने चढण चढून वरच्या शाळेत जाऊन बसली. साहेबांनी हे ऐकलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखादं गाव तसं उठलं, जसं त्यांना सेलूकडचं गाव उठवायचं होतं.

आणि भिंत फुटली नाही.

पाऊस दोन-तीन दिवस बरसून थांबला. भिंत होती तशीच. लोक शाळेत बसलेले असताना खाली शेतात कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, ढिगांवरची ताडपत्री उडाली आणि शेंगांना कोंब फुटले. कुणाच्या शेळ्या गेल्या. गड्यांनी घरी येऊन ते बघितलं आणि सगळा राग अक्कांच्या दारात आणून ओतला. "तुमी बहीण-भावानं आमाला उल्लू बनवलं. त्यानं धोका न्हाई म्हणलं होतं, तुमीच हुसकलं." त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. वर्षाचं पीक होतं ते. पण मला साहेबांचंच वाईट वाटलं, कारण पुन्हा एकदा त्यांच्या आवाजाने गाव हललं आणि पुन्हा एकदा पाणी आलं नाही.

साहेबांना कारणे दाखवा नोटीस आली. जनतेत घबराट पसरवली, हा आरोप. चौकशीला मी टिपणं घ्यायला बसले होते. चौकशी अधिकाऱ्यांनी टेबलावर मोबाईल ठेवून क्लिप वाजवली, पुन्हा वाजवली, खात्याचा खुलासा समोर धरून शब्द पडताळले. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

"शब्द बरोबर आहेत हो," ते शेवटी म्हणाले. "पण तुम्ही वाचलंत कसं?"

"मी नेहमी असंच वाचतो."

"तुमच्या बहिणीचं घर आहे तिथं. तुम्ही घरच्यासाठी पदाचा वापर केलात असं कुणी म्हणालं तर?"

"घरच्यांसाठी एक फोन पुरला असता, साहेब," ढेंबरे साहेब म्हणाले. शिक्षा करावी तर कशाची, आणि सोडावं तर वर काय सांगावं, अशी चौकशीवाल्यांची पंचाईत झाली. शेवटी प्रकरण लटकवून ठेवलं आणि साहेबांना तोंडी सांगितलं की निवृत्तीपर्यंत आवाजाचं काम करू नका. उरलेले महिने ते फोटोंखाली नावं लिहीत बसले. डावीकडून अमुक, डावीकडून तमुक. खिडकीशी उभं राहून वाचणंही बंद झालं. मला त्या लोकांचा इतका संताप यायचा की मी टाइप करताना कळा तोडायच्या बेताला आणायची. साहेबांचा आवाज मात्र त्या दिवसांत एकदाही चढला नाही, चहात कितीही साखर पडली तरी, आणि मला तेच फार लागायचं.

निवृत्तीला शाल, नारळ, फोटो झाला. पत्नी आधीच गेलेली, मुलगा पुण्याला बोलवत होता. साहेब म्हणाले, मोहतळीला अक्काकडे राहणार. सगळ्यांनी माना डोलावल्या, गावाकडची हवा चांगली असते वगैरे म्हणाले.

त्यानंतरच्या वर्षी घटस्थापनेच्या सुमाराला मी मोहतळीला गेले. साहेबांचा वाचायचा चष्मा कपाटात सापडला होता, तेवढं निमित्त. गंगाखेडहून एसटीने फाट्यापर्यंत, पुढे चालत. त्या वर्षीही पाऊस भरपूर झाला होता. वळण घेतलं आणि भिंत दिसली. मी ऐकूनच होते, बघितली नव्हती. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती कितीतरी उंच होती. सगळ्या भिंतीवर गवत माजलेलं, पण मधोमध एक पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त हिरवा, ओला, वरून खाली आलेला. त्याच्या बरोबर समोर वस्ती. आणि वस्तीत नवीन बांधकामं निघालेली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्कांनी चहा दिला. लोक आता त्यांच्याशी पुन्हा बोलत होते. "मुंजा आला ते लय बरं झालं," त्या म्हणाल्या. "समद्यांची भीती गेली. लोक म्हणत्यात, साहेब सवता इथं ऱ्हायलेत म्हणजे धोका न्हाई. धोका असता तर सरकारातला माणूस भिंतीखाली येऊन कशाला ऱ्हाईल?" हे सांगताना त्या आनंदात होत्या. मी चहा तसाच खाली ठेवला.

साहेब भिंतीकडून येताना दिसले. धोतर नेसलेले, वाळलेले, हातात काचेचा ग्लास. मला बघून त्यांना मनापासून बरं वाटलं. चष्मा दिला तो त्यांनी लगेच डोळ्यांवर चढवला आणि ग्लास उन्हात धरला. ग्लासात भिंतीतून झिरपलेलं पाणी होतं. रोज सकाळी ते असं आणत. "नितळ असलं तर भिंतीला नुसता घाम आलाय म्हणायचा," त्यांनी समजावलं. "गढूळ यायला लागलं की समजायचं, ती आतून माती सोडायलीय. मग वेळ न्हाई." खात्याला त्यांनी कितीदा कळवलं होतं. बाब विचाराधीन आहे, असं उत्तर येई. ते सांगताना जरासे हसले, कारण असली उत्तरं त्यांनी जन्मभर साफ केली होती.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही इथं राहताय म्हणून लोक इथं राहतायत. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग तुम्ही निघा इथून. तुम्ही निघालात की तेही निघतील."

"निघतील," साहेब म्हणाले. "मागच्या बारीला क्लिपवर निघाले, आणि मुद्दाम काढलं होतं मी त्यांना, तुम्हाला म्हणून सांगतो. आता क्लिप ऐकणार न्हाईत. तोंडानं सांगून बघितलं, हसतात. आता मी उठून गेलो तरच उठतील. पण ते एकदाच, बाई. मी उठलो आणि भिंत पुन्हा उभी राहिली, तर पुढं कुणीच कधी उठणार न्हाई. म्हणून मला बरोबर दिवशी उठावं लागंल. अलीकडं न्हाई, पलीकडं न्हाई." एवढी माणसं त्यांच्या एका उठण्यावर ठेवलेली, आणि ते रोज एक ग्लास घेऊन बसलेले.

त्यांनी ग्लास माझ्याकडे दिला. "तुमचे डोळे तरुण आहेत. बघा बरं."

मी उन्हाकडे धरून पाहिला. पाणी नितळ होतं. मग हात हलला आणि तळाशी काहीतरी धुरासारखं वर आलं. ते गवताचं असेल, ग्लास नीट धुतला नसेल, किंवा माती असेल. मी पुन्हा पाहिलं. मला ठरवता आलं नाही आणि तसं मी सांगितलं. साहेबांनी ग्लास परत घेतला आणि खूप वेळ उन्हात धरून ठेवला.

समोरच्या जागेत बळीराम नव्या घराचा पाया खणत होता. दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जायचे होते, म्हातारी आणि पोरं इथंच राहणार होती, म्हणून टोळी निघायच्या आत पाया भरून घ्यायची त्याची घाई होती. त्याने साहेबांना ग्लास धरलेलं पाहिलं आणि टिकाव थांबवून विचारलं, "साहेब, कसं हाय आज पाणी? खणू ना पुढं?"

साहेबांनी ग्लास खाली घेतला. "मला माहीत न्हाई, बळीराम," ते म्हणाले. "खरंच माहीत न्हाई."

बळीराम हसला. "साहेब बी ना. तुमालाच माहीत न्हाई तर मंग कुणाला असंल?" आणि त्याने हातावर थुंकी लावून टिकाव उचलला.

मला एसटी गाठायची होती. निघताना साहेब मला सोडायला आले नाहीत, नुसता हात वर केला. वळणावर पोचल्यावर मी मागे पाहिलं. साहेब खणलेल्या पायाच्या कडेला उभे राहून खाली वाकून काहीतरी सांगत होते, आणि बळीराम कमरेएवढ्या खड्ड्यातून माती वर फेकत होता. त्याच्या डोक्यावर, साहेबांच्या डोक्यावर, सगळ्या वस्तीच्या डोक्यावर ती भिंत होती.